तेक्के गालिचा, फुटाला इंच: पाचव्या ओळीपर्यंत

बाहुलीघरातील वाचनखोलीसाठी मी सध्या तुर्कमेनांच्या तेक्के जमातीच्या धाटणीचा गालिचा भरत आहे. असे गालिचे बुखाऱ्याच्या पेठेत विकले जात, म्हणून व्यापाऱ्यांनी त्यांना ‘बुखारा’ हेच नाव देऊन टाकले. लाल जमीन, सरळ ओळींत मांडलेली ‘गुले’ (या गालिच्यांवरच्या अष्टकोनी आकृत्या) आणि त्यांच्या मध्यातून जाणारी गडद निळ्या रेषांची जाळी एवढीच मुख्य रचना असल्यामुळे, इराणी वेलबुट्टीपेक्षा हा नमुना चौकटींच्या कापडावर सहज उतरेल, असा माझा समज होता.

चार बाय सहा फुटांचा गालिचा बाहुलीघराच्या फुटाला एक इंच या प्रमाणात चार बाय सहा इंचांचा होतो. इंचाला 14 घरांच्या मॅटीवर (भरतकामाच्या चौकटीच्या कापडावर) रुंदीत जेमतेम 56 घरे मिळतात आणि गूल ओळखू येत नाही. म्हणून इंचाला 22 घरांचे, हार्डेंजर नावाचे अधिक बारीक कापड घेतले. त्यावर 88 बाय 132 घरे मिळाली आणि चारही बाजूंची 14 घरांची किनार वजा जाता मध्ये 60 बाय 104 घरे उरली. उभ्या दिशेने 13 घरांच्या आठ ओळी चोख बसल्या, तशी रुंदीतही 20 घरांची तीन गुले बसवून मी मोकळी झाले. मात्र एका घराची निळी रेषा समसंख्येच्या गुलाच्या मध्यातून जाऊच शकत नाही, हे दोन गुले भरून झाल्यावर ध्यानात आले. ती उसवली. आता प्रत्येक गूल 19 घरांचे, दोन गुलांमध्ये एक घर मोकळे, आणि गालिच्याची एकूण रुंदी 87 घरे, म्हणजे सगळे मिळून 11,484 टाके.

पूर्ण फुलीचा टाका मी या वेळी मुद्दाम टाळला आहे. खऱ्या गालिच्याची जाडी एक सेंटिमीटर धरली, तर आपल्याकडे ती एक मिलिमीटरही भरत नाही. फुलीने कापड फुगते आणि खुर्चीचे पाय डगमगतात. अर्धा टाका, म्हणजे फुलीची एकच तिरकी रेघ, ओळीने भरला तेव्हा नमुन्याचा तुकडा तिरका ओढला जाऊन काटकोन बिघडले. त्यामुळे आता दोन पदरांनी, तिरप्या रांगांत ‘बास्केटवीव्ह’ पद्धतीने भरते. उतरताना सुई उभी आणि चढताना आडवी चालत असल्याने मागच्या बाजूला विणीसारखी जाळी तयार होते, ताण दोन्ही दिशांना वाटला जातो आणि कापड सरळ राहते.

धागे डीएमसी कंपनीचे आहेत, त्यांचे रंगक्रमांक असे: जमिनीला 815, रेषांना 823, थोडा तांबूस 920, आणि पांढऱ्याऐवजी फिकट बदामी 739, कारण शुभ्र पांढरा इतक्या लहान आकारात डोळ्यांत खुपतो. लाल धागा ओल्या पांढऱ्या कापसावर घासून पाहिला. रंग उतरला नाही.

आठांपैकी पाच ओळी पूर्ण झाल्या आहेत. किनार अजून कागदावरच आहे आणि तिचे कोपरे जुळवणे मला गुलांपेक्षा अवघड वाटते. झालर वेगळी लावणार नाही. दोन्ही टोकांना कापड मोकळे सोडले आहे, त्याचे आडवे धागे काढून पाव इंचाच्या दशा ठेवीन.