एक्का-सत्ती सोडली, नव्वी-अठ्ठीवर ऑल-इन

पोकर स्पर्धेच्या फायनल टेबलवर आम्ही सहा जण उरलो होतो. ब्लाइंड, म्हणजे दोघांनी आधीच भरायच्या सक्तीच्या रकमा, स्मॉल 4,000 आणि बिग 8,000, शिवाय बिग ब्लाइंडवाल्याने भरायची अँटी, आणखी एक सक्तीची रक्कम, 8,000. म्हणजे कोणी काही बोलण्याआधीच मध्ये 20,000 चिप्स पडलेल्या. माझ्याकडे 92,000. पहिली पाळी माझी, हातात एक्का-सत्ती, रंग वेगवेगळे.

मागे पाच जण बोलायचे बाकी. मी ऑल-इन गेलो, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, आणि त्यातल्या कुणी एक्का-राजा घेऊन कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावल्या, तर माझी संधी पंचवीस-तीस टक्क्यांवर येते. शिवाय बटनवरच्या, म्हणजे दोन ब्लाइंडच्या लगेच आधी बोलणाऱ्या, खेळाडूकडे जेमतेम 16,000 उरले होते. तो आधी गेला की बक्षिसाची एक पायरी मला आयती मिळणार. सोडली.

मग दोन्ही ब्लाइंड आणि अँटी भरून 72,000 घेऊन बटनवर आलो. नऊ बिग ब्लाइंड. इस्पिकची नव्वी-अठ्ठी. पुढच्या तिघांनी पत्ते टाकले. त्यात तो 16,000 वाला छोटा खेळाडूही होता. उरले दोन ब्लाइंड, दोघांकडेही माझ्याहून थोड्याच जास्त चिप्स.

दोघांनी सोडलं तर 20,000 माझे. बिग ब्लाइंडने कॉल केला तर पॉट, म्हणजे मधल्या एकूण चिप्स, 1,56,000. सरासरी 35 टक्के संधी धरली तर माझ्या वाट्याचे 54,600, म्हणजे 17,400 चा तोटा. निम्म्या वेळा दोघांनी सोडलं तरी चिप्सच्या हिशेबात फायदाच. अर्थात चिप्स म्हणजे बक्षिसाचे पैसे नव्हेत. या टप्प्यावर जिंकलेल्या चिपपेक्षा गमावलेली चिप महाग पडते, आयसीएमचं, म्हणजे चिप्सची बक्षिसाच्या पैशांत किंमत काढण्याच्या पद्धतीचं, सगळं गणित त्यावरच उभं आहे. पण ते गणित त्या दोघांनाही लागू होतं, आणि जास्तच. मला समोरचे घाबरून सोडतील ही एक वाट होती. कॉल करणाऱ्याला पत्त्यांच्या जोरावरच जिंकावं लागतं.

‘एक हात थांब’ असं म्हणणारेही भेटतील, आणि ते अगदीच चूक नाहीत. पुढच्या हाताला ब्लाइंड आणि अँटीतच छोट्या खेळाडूचे सगळे 16,000 जाणार होते. पण मला नेमकं तेच खुपत होतं: तो बाहेर पडला की त्याच्याआधी बाद होण्याची या दोघांची भीतीही संपणार. ऑल-इन म्हणालो.

स्मॉल ब्लाइंडने लगेच टाकले. बिग ब्लाइंडने पत्ते दोनदा उचलून पाहिले, माझ्या चिप्स मोजायला लावल्या, आणि सोडलं. पुढच्याच हाताला छोटा खेळाडू गेला. त्यानंतर टेबलवर साध्या पत्त्यांवरही कॉल पडायला लागले आणि नव्वी-अठ्ठीसारखे हात मी मुकाट्याने टाकू लागलो.