मोंबासाला सेवेला निघालेल्या मुलामुलींसाठी

परदेशी सुवार्तेच्या सेवेला जायचं ठरलं की आपल्याकडची मुलं उपदेशाची तयारी करतात. वचनं पाठ होतात, साक्ष द्यायचा सराव होतो, कुणी गिटार शिकायला लागतं. ते सगळं चांगलंच आहे. पण तिथं पोचल्यावर पहिले सहा महिने उपदेश करायची वेळ फारशी येत नाही. वेळ येते ती पाणी भरायची, कपडे धुवायची, भाषा घोटायची आणि सेवेत सोबतीला दिलेल्या जोडीदाराशी जमवून घ्यायची. माझं ठाम मत आहे की घर आणि भाषा या दोन गोष्टी मार्गी लागल्या की सेवा आपोआप उभी राहते. त्या लागल्या नाहीत, तर कितीही आवेश असला तरी माणूस थकतो आणि आजारी पडतो. म्हणून केनियाच्या किनाऱ्यावर, मोंबासाकडे जाणाऱ्या आपल्या नाशिकच्या तरुणांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

मोंबासा नाशिकला परकं नाही. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकला शरणपूर ही वस्ती वसवली आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथं वाढली. शाळेबरोबर त्यांना सुतारकाम, लोहारकामही शिकवलं जाई. त्यांच्यातले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६४ साली मोंबासाजवळच्या राबाईला सेवेला गेले. जेकब वेनराइट हा नाशिकच्याच शाळेतला. १८७३ साली मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले तेव्हा आफ्रिकेच्या आतल्या भागात त्यांच्यासाठी अंत्यविधीची प्रार्थना त्यानं वाचली आणि झाडावर त्यांचं नाव कोरलं. पुढे प्राइस स्वतः मोंबासाला गेले आणि तिथं फ्रीअरटाउनची वस्ती उभी राहिली. ही मुलं आफ्रिकेत जन्मलेली, तरीही नाशिकहून परतल्यावर तिथल्या लोकांना ती बाहेरचीच वाटली, कारण पेहराव आणि बोलणं इकडचं झालं होतं. त्यांची ही गत, तर आपल्याला रुळायला वेळ लागणारच, हे मनाशी धरून निघा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगतो. नुसत्या प्रवासाच्या परवानगीवर, म्हणजे ई-टीएवर, सेवेचं काम करता येत नाही. धार्मिक कामासाठी केनियात वेगळा परवाना आहे, त्याला क्लास आय म्हणतात, आणि त्याचा अर्ज तिथल्या नोंदणीकृत संस्थेनं करायचा असतो. त्यामुळे बोलावणारी मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, कोण, तिची नोंदणी आहे का, हे पाळकसाहेबांकरवी आधी पक्कं करा. ‘या, मग बघू’ असं सांगणाऱ्यांकडे जाऊ नका. पोलिस क्लिअरन्स नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून काढता येतं. मोंबासात भारताचं सहायक उच्चायोग आहे. पोचल्यावर तिथं नाव नोंदवून ठेवा.

पिवळ्या तापाच्या लसीत बरेच जण फसतात. भारतातून थेट केनियात शिरताना तिचा दाखला सहसा विचारत नाहीत, म्हणून मुलं लस टाळतात. पण केनियातून भारतात परत येताना हा दाखला लागतो. तो नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. घरच्या आजारपणासाठी किंवा कुणाच्या मातीसाठी धावत यावं लागलं, तर हे सहा दिवस फार जड जातात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, आधी वेळ घ्यावी लागते आणि दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. दाखल्याची पिवळी पुस्तिका पासपोर्टलाच जोडून ठेवा.

सामान भरताना आपली सवय आडवी येते. आपण चपलांपासून मसाल्यापर्यंत सगळं कॅरीबॅगमध्ये बांधतो. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. कापडी पिशव्या शिवून घ्या, मसाला डब्यात भरा. बी-बियाणं, रोपं, ताजी फळं नेऊ नका. डाळ, हळद, जिरं न्यायची गरज नाही, मोंबासात गुजराती दुकानं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत आणि हे सगळं मिळतं. कांदा-लसूण मसाला आणि मेतकूट मात्र घरचंच हवं. तिथले सॉकेट तीन चौकोनी पिनांचे असतात, आपला प्लग बसत नाही, म्हणून दोन अडॅप्टर ठेवा. आणि एक मराठी पवित्र शास्त्र, छापील. दिवसभर परकी भाषा कानावर पडल्यावर रात्री आपल्या भाषेतला एक अध्याय वाचला की मन जागेवर येतं.

आता दिवसाबद्दल. पहाटे साडेपाचला उठणं बरं, कारण उकाडा नऊपासूनच जाणवतो. अर्धा तास एकांताची प्रार्थना, मग जोडीदाराबरोबर वाचन. सातला चहा आणि मांदाझी, म्हणजे तळलेला गोडसर पाव. आठ ते साडेनऊ भाषा. दहा ते एक शाळा, दवाखाना किंवा मंडळीनं नेमून दिलेलं काम. दुपारी दोन तास सावलीतच राहा, या वेळेत कुणाच्या घरी जाऊ नये. चार ते सहा भेटी. विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्य वर्षभर साडेसहाच्या आसपासच मावळतो आणि संधिप्रकाश फार वेळ नसतो, लवकरच काळोख होतो. त्यामुळे सहाला भेट आवरती घ्यायची आणि दिवेलागणीला घरात असायचं. केनिया आपल्या अडीच तास मागे आहे. तिथं संध्याकाळी साडेसहाला फोन केला तर नाशिकला नऊ वाजलेले असतात, जेवणं झालेली असतात, आई निवांत असते. ही वेळ ठरवून टाका आणि आठवड्यातून दोनदाच करा. रोज तासभर घरी बोलणाऱ्याचा पाय तिथं रुजत नाही.

वेळ सांगायची तिथली रीत नीट समजून घ्या. स्वाहिलीत दिवस सकाळी सहापासून मोजतात. ‘सा मोजा’ म्हणजे शब्दशः एक वाजता, पण ती आपली सकाळची सात. ‘सा तातू’ म्हणजे नऊ. कुणी स्वाहिलीत वेळ दिली तर सहा तास मिळवा, आणि पहिले काही महिने घड्याळाच्या काट्यावर बोट ठेवून खात्री करून घ्या. प्रार्थनासभेला सहा तास उशिरा किंवा आधी पोचणारे नवखे बरेच असतात.

भाषेचा दीड तास कसा घालवायचा, यावर सगळं अवलंबून आहे. उच्चार आपल्याला सोपे जातात, जोर बहुतेक शब्दांत शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो. अडतं ते शब्दकोशात. स्वाहिलीत शब्दाचा पुढचा भाग बदलतो. ‘वातोतो’ म्हणजे मुलं, पण शब्दकोशात ते ‘म्तोतो’खाली सापडेल. ‘विताबू’ म्हणजे पुस्तकं, ते ‘किताबू’खाली. क्रियापदात कर्ता आणि काळ दोन्ही पुढेच चिकटतात: ‘निनासोमा’ मी वाचतो, ‘निलिसोमा’ मी वाचलं, ‘नितासोमा’ मी वाचेन. मूळ फक्त ‘सोमा’. म्हणून पहिला महिना नुसती जोडाक्षरं पाठ करतो तशी ही आद्याक्षरं पाठ करा: कर्त्याची सहा आणि काळाची चार. मग रोज दहा नवे शब्द, प्रत्येकाचं एक वाक्य, आणि ती दहा वाक्यं त्याच दिवशी बाजारात कुणाशी तरी बोलायची. वहीत राहिलेला शब्द आठवड्यात जातो. इंग्रजीवर भागतं म्हणून स्वाहिली टाळू नका. शाळेत, कचेरीत भागेल, पण आजीबाईच्या ओट्यावर भागणार नाही, आणि सेवा तिथंच असते.

त्या ओट्यावर कसं जायचं? दारात उभं राहून ‘होडी’ म्हणायचं, आतून ‘करिबू’ आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. तीनदा हाक देऊन उत्तर आलं नाही तर परत फिरायचं. वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणायचं, ते ‘माराहाबा’ म्हणतात. मग घरचे कसे, मुलं कशी, काम कसं, रात्र कशी गेली, हे सगळं विचारून होईपर्यंत मुद्द्यावर येऊ नये. आपल्या खेड्यात जसं पाणी प्यायल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही, तसंच. किनाऱ्यावर मुस्लिम वस्ती मोठी आहे. खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला, चपला बाहेर काढा, रमजानमध्ये रस्त्यात खाऊ-पिऊ नका. दारोदार पत्रकं वाटत फिरू नका. स्थानिक मंडळीतल्या जाणत्या माणसाबरोबर जा, आणि पहिले कित्येक महिने फक्त ऐका.

पैशाच्या बाबतीत कडक राहा. भेटीला गेलात की कुणी फी मागेल, कुणी औषधाला मागेल, आणि गरज खरी असेल. तरीही हातातून पैसे देऊ नका, मंडळीच्या समितीकडे न्या. एकाला दिले की तुम्ही शेजारी राहत नाही, दाते होता. ‘भारतात नेतो’, ‘शाळा बांधून देतो’ असले शब्द तोंडातून काढू नका. लहान मुलांबरोबर एकट्यानं बंद खोलीत थांबायचं नाही, दुसरं मोठं माणूस हवंच. पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो काढायचे नाहीत आणि ते मंडळीच्या ग्रुपवर तर टाकायचेच नाहीत. गरीब मुलाच्या फोटोवर नाशिकमध्ये देणगी गोळा करणं मला अजिबात पटत नाही.

घरकामात सगळ्यात मोठं काम पाण्याचं. मोंबासात नळाला रोज पाणी येईलच असं नाही. वीस लिटरच्या पिवळ्या कॅनमधून हातगाडीवाले पाणी आणून देतात. दोघांना रोज चार कॅन धरा. किनाऱ्यावरच्या विहिरींचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारट असतं: त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. ते धुण्या-पुसण्याला ठेवा, गोडं पाणी वेगळ्या कॅनमध्ये, आणि कॅनवर खूण करा. पिण्याचं पाणी खळखळ उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू द्यायचं, झाकून गार करायचं आणि तोटीच्या भांड्यात ओतायचं. पेला बुडवून पाणी घेतलं की उकळण्याचे कष्ट वाया. कोळशाची शेगडी, म्हणजे जिको, बंद खोलीत कधीही पेटवू नका. पावसात मुलं ती आत घेतात, आणि तिच्या विषारी वायूला वास नसतो.

उगाली करायला शिका, लोक त्यानं आपले होतात. चौघांना एक लिटर पाणी आणि साधारण अर्धा किलो पांढऱ्या मक्याचं पीठ. पाणी खळखळ उकळल्यावर मूठभर पीठ टाकून पेजेसारखं करा, मग उरलेलं थोडंथोडं घालत लाकडी उलथन्यानं भांड्याच्या कडेवर दाबत घोटा. पाणी पुरतं उकळायच्या आत पीठ पडलं तर गाठी होतात. घट्ट झाल्यावर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं वाफ द्यावी, नाहीतर कच्च्या पिठाचा वास राहतो. कडा सोडून गोळा सुटला की झालं. सोबत सुकुमा विकी या पालेभाजीची भाजी. आणि तुरीचे दाणे नारळाच्या दुधात शिजवलेले, त्याला म्बाझी म्हणतात, ते आपल्या जिभेला पहिल्याच घासात रुचतं.

धुतलेले कपडे गवतावर किंवा झुडपावर वाळत घालू नका. मँगो फ्लाय नावाची माशी ओलसर कपड्यावर अंडी घालते, आणि अळी कातडीत शिरून गळवासारखी फुगते. दोरीवर उन्हात खडखडीत वाळवा, आणि दोन्ही बाजूंनी, शिवणींवरून आणि इलॅस्टिकवरूनसुद्धा गरम इस्त्री फिरवा. अनवाणी फिरू नका, वाळूतली पिसू नखाखाली घर करते.

जोडीदाराशी भांडण होतंच, आणि ते सिद्धान्तावरून होत नाही. खरकटी भांडी, फोनचा आवाज, दिवा कधी मालवायचा, कुणी किती खर्च केला, यावरून होतं. आठवड्याचा एक ठरलेला अर्धा तास ठेवा, शक्यतो सोमवारी, कारण रविवारची उपासना तीन तास चालते आणि सोमवार विश्रांतीचा. आधी हिशेबाची वही उघडा, मग खटकलेली गोष्ट एकेकानं सांगा, मग प्रार्थना. क्रम बदलू नका. प्रार्थना आधी झाली की मग खटकलेलं बोलायला जीभ रेटत नाही आणि ते मनात साचतं.

मलेरियाबद्दल शेवटी लिहितो, पण महत्त्वाचा तोच. किनाऱ्यावर तो वर्षभर असतो. औषध भरलेली मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचा, अंधार पडण्याआधी सोडा आणि भोक पडलं तर त्याच दिवशी शिवा. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या आणि किती काळ, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. डॉक्सीसायक्लिन दिली तर ती जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजल्यासारखी जळते. शिवाय त्या गोळीनं ऊन जास्त लागतं, म्हणून टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. केनिया सोडल्यावरही ती चार आठवडे चालू ठेवायची असते, आणि इथंच बहुतेक जण बंद करतात. ताप आला तर पॅरासिटामॉल घेऊन झोपू नका, त्याच दिवशी रक्त तपासा. नाशिकला परतल्यावर काही महिन्यांत ताप आला, तर दवाखान्यात पाय ठेवल्याबरोबर ‘मी आफ्रिकेतून आलोय’ हे पहिलं वाक्य सांगा. पावसाळ्यात आपल्याकडचे डॉक्टर आधी डेंग्यू शोधतात, आणि तिकडचा फाल्सिपॅरम, म्हणजे जिवावर उठणारा मलेरिया, दोन-तीन दिवस थांबत नाही.