स्वस्त टायर आणि सुपरमार्केटची डाळ

आज गाडीचे पुढचे दोन टायर बदलायला गेलो. दुकानदाराने कधी न ऐकलेल्या कंपनीचे टायर पुढे केले, जोडीमागे दीड हजाराने स्वस्त. मी विरघळलोच होतो! सहज टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी नंबरातले (टायरचा ओळख-कोड) शेवटचे चार आकडे वाचले: १४२१. म्हणजे २०२१ च्या चौदाव्या आठवड्यात बनलेला. नवाकोरा दिसणारा टायर गोदामातच म्हातारा झालेला.

"जुने आहेत हो हे."
"साहेब, वापरलेत कुठे?"

रबर पडून पडूनही कडक होतं, हे काय त्याला ठाऊक नसेल? दुसऱ्या दुकानात यंदाच्या तारखेचे, तितकेच स्वस्त मिळाले.

येताना सुपरमार्केटच्या स्वतःच्या ब्रँडची तूरडाळ घेतली. झकास शिजते. त्यांच्या भांड्यांच्या साबणावर मात्र आमच्याकडे बंदी आहे. (बंदी कोणी घातली ते विचारू नका.)