रालीला जाऊन आले: भूलशास्त्राच्या ओरल बोर्डचा वृत्तांत

भूलतज्ज्ञांची ही परीक्षा नॉर्थ कॅरोलायनातल्या राली शहरात, मंगळवारी सकाळी होती, पण मी रविवारीच निघाले. एवढं आधी कशाला, असं घरच्यांनी विचारलं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे जातात. सेंट लुईसहून नॉर्थ कॅरोलायनात उतरलं की आणखी एक तास जातो. म्हणजे तिथले सकाळचे सात हे माझ्या शरीराच्या हिशेबानं आदल्या आठवड्यातले पाच. त्यात शार्लटला विमान बदलायचं होतं आणि पहिलंच विमान अडीच तास उशिरा सुटलं. पुढचं चुकलं. रात्री उशिरा रालीला पोचले तेव्हा पाय दुखत होते, पण हातात अख्खा सोमवार होता. हाच उशीर सोमवारी संध्याकाळी झाला असता तर त्या रात्री मला झोप लागली नसती. त्यामुळे माझा पहिला सल्ला हाच: एक पूर्ण दिवस हाताशी ठेवा. परीक्षेचे कपडे आणि बूट सोबतच्या बॅगेतच ठेवा, सामानात टाकू नका.

ज्यांना या परीक्षेची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन बोर्ड ऑफ अनेस्थेशिऑलॉजीच्या तीन परीक्षा असतात. बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स्ड या दोन संगणकावरच्या, आणि शेवटची अप्लाइड. अप्लाइडसाठी स्वतः रालीला जावं लागतं. तिचे दोन भाग आहेत: जुनी तोंडी परीक्षा, जिला सगळे ओरल म्हणतात, आणि २०१८ पासून जोडलेली ऑस्की, म्हणजे वेगवेगळ्या ‘स्टेशनां’वर घेतली जाणारी प्रात्यक्षिक परीक्षा. ओरलमध्ये दोन खोल्या, प्रत्येकीत ३५ मिनिटं. एका खोलीत शस्त्रक्रियेदरम्यानचे आणि नंतरचे प्रश्न, दुसरीत आधीचे आणि दरम्यानचे, आणि दोन्हीकडे शेवटी दोन-तीन वेगळ्याच छोट्या केसेस. ऑस्कीत सात स्टेशन. रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं पदव्युत्तर प्रशिक्षण, संपल्यापासून सात वर्षांच्या आत हे सगळं पार करावं लागतं. रचना अधूनमधून बदलते, म्हणून आपल्या तारखेची माहिती बोर्डाच्या संकेतस्थळावर नीट वाचून घ्या.

परीक्षेत काय विचारलं ते मी इथे लिहिणार नाही. तसं आपण लिहून दिलेलं असतं, आणि तो शब्द पाळायलाच हवा असं मला वाटतं. पुढच्या केसेस आमच्या सरावातल्या आहेत.

तयारी मी सहा महिने आधी सुरू केली आणि पहिले दोन महिने वाया घालवले. मी वाचत होते. वहीत सुंदर तक्ते काढत होते. लेखी परीक्षा चांगल्या गेल्या होत्या, तेव्हा इथेही तेच चालेल असं गृहीत धरलं होतं. मग एमबीबीएसची माझी वर्गमैत्रीण, जी आता दुसऱ्या राज्यात भूलतज्ज्ञ आहे आणि वर्षभर आधी ही परीक्षा पास झाली होती, तिनं व्हिडिओ कॉलवर मला पहिली केस दिली. ८१ वर्षांच्या आजी, खुब्याचं हाड मोडलेलं, हृदयाची अओर्टिक झडप खूप अरुंद झालेली, आज सकाळी अपिक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाची गोळी घेतलेली. भूल कशी देशील?

मी सुरू झाले. झडप अरुंद होण्याची कारणं, तीव्रतेचे निकष, स्पायनलचे (पाठीच्या कण्यात सुई देऊन दिलेल्या भुलीचे) फायदे, स्पायनलचे तोटे, जनरलचे (पूर्ण बेशुद्ध करणाऱ्या भुलीचे) फायदे. चार मिनिटं मी थांबलेच नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं, सगळं बरोबर आहे. पण तू काय करणार ते मला अजून कळलेलं नाही.”

मला वाटतं सगळी परीक्षा या एका वाक्यात आहे. आपल्या मनात काय चाललंय ते परीक्षकाला दिसत नाही. त्याला ऐकायचा असतो निर्णय, आणि त्यामागचं कारण. त्या क्रमानं. तीच केस महिन्याभरानं मी अशी सांगितली: “जनरल देईन. गोळी आज सकाळचीच आहे, स्पायनलसाठी सुमारे ७२ तास थांबावं लागेल, आणि खुबा मोडलेल्या आजींना इतकं अंथरुणात ठेवणं जास्त धोक्याचं आहे. भूल देण्याआधीच आर्टेरियल लाइन (धमनीतून सतत रक्तदाब दाखवणारी नळी) घालीन आणि फिनाइलएफ्रिन (रक्तदाब वाढवणारं औषध) हाताशी ठेवीन.” अर्ध्या मिनिटात झालं. “आधीच का?” असं तिनं विचारलं, तर त्याचंही उत्तर तयार होतं: जाड झालेल्या हृदयाच्या स्नायूला रक्त पोचवणारा दाब एकदा घसरला की सावरणं फार कठीण, म्हणून घसरण सुरू होतानाच दिसायला हवी.

आता या ‘का?’बद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडून येणाऱ्यांची खरी अडचण मला इथे दिसते. आपल्या व्हायवात सरांनी ‘का?’ विचारलं की आपण समजायचो, उत्तर चुकलं. लगेच माघार घ्यायची, “सॉरी सर” म्हणायचं, दुसरं उत्तर द्यायचं. ही सवय इतकी खोल गेलेली असते की चाळिशीच्या उंबरठ्यावरही ती जात नाही. सरावाची रेकॉर्डिंग ऐकताना लक्षात आलं की मी बरोबर दिलेली उत्तरंसुद्धा निव्वळ ‘का?’ ऐकून बदलत होते. ओरल बोर्डात ‘का?’ म्हणजे फक्त ‘का?’. परीक्षकाला कारण हवंय, तेवढंच. निर्णय बदलायचा तो नवी माहिती आली तर. रक्तदाब घसरला, श्वासाची नळी सरकली, तपासणीचा अहवाल आला, तर जरूर बदला आणि बदलल्याचं तोंडानं सांगा. पण “सर्जन म्हणतायत स्पायनलच द्या” ही नवी माहिती नाही, हा दबाव आहे. त्यावर आपण प्रत्यक्ष ऑपरेशन थिएटरात जे सौजन्यानं म्हणू तेच म्हणायचं आणि ठाम राहायचं.

दुसरी गोष्ट, गप्प बसण्याची. येत नसलं की आपण खाली बघतो. इथे ३५ मिनिटं मोजलेली असतात आणि प्रत्येक गप्प मिनिट पुढच्या प्रश्नाचं असतं. “हे मला माहीत नाही, पण अशा रुग्णात मी अमुक बघून ठरवीन” असं म्हणून मोकळं व्हावं. माझ्यासारखे जे मनातल्या मनात मराठीत विचार करतात त्यांनी दोन सेकंद घ्यायला अजिबात घाबरू नये. दोन सेकंद कुणालाही खटकत नाहीत.

सरावाचं वेळापत्रक असं बसलं: आठवड्यात तीन केसेस, प्रत्येक ३५ मिनिटांची, घड्याळ लावून. त्यातली एक तरी अनोळखी माणसाकडून घ्यायची. मैत्रीण कितीही कठोर झाली तरी तिचा आवाज ओळखीचा असतो. मी आमच्या विभागातल्या, जवळजवळ कधीच न बोललेल्या दोन वरिष्ठांना विनंती केली आणि दोघांनीही आनंदानं वेळ दिला. मागायला लाजू नका. गाडी चालवताना मोठ्यानं बोलण्याचा सराव केला, विशेषतः आणीबाणीच्या गोष्टींचा. मॅलिग्नंट हायपरथर्मियात (भुलीच्या काही औषधांनी शरीराचं तापमान धोकादायक वाढतं त्यात) डँट्रोलिन किलोमागे २.५ मिलिग्रॅम, स्थानिक भुलीचं औषध रक्तात गेलं तर २० टक्के लिपिड (स्निग्ध पदार्थाचं द्रावण) किलोमागे दीड मिलिलिटर, असे आकडे डोक्यात असतात पण घाईत जिभेवर येत नाहीत. जिभेला वेगळं शिकवावं लागतं. आणि नुसता आकडा पुरत नाही: मदत बोलवीन, सर्जनला सांगीन, कारणीभूत औषध बंद करीन, हेही त्याच दमात यायला हवं.

ऑस्कीची तयारी लोक शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. तसं करू नका, पण महिनेही लागत नाहीत. हृदयाच्या इकोचे नेहमीचे व्ह्यू, मॉनिटरवरच्या लहरी आणि अल्ट्रासाउंडचा प्रोब हातात घेऊन ‘ही नस, ही धमनी, सुई इथून’ असं बोलत दाखवणं, एवढं रोजच्या कामात बसतं. संवादाच्या स्टेशनसाठी मात्र मनाची तयारी लागते. समोर रुग्णाचा किंवा नातेवाइकाचा अभिनय करणारी व्यक्ती असते. श्वासनलिकेत ट्यूब घालताना दात तुटला हे सांगायचं असेल, तर घुमवून सांगू नका. काय झालं, वाईट वाटतंय, आता काय करणार, या क्रमानं सांगा, मग थांबा आणि समोरच्याला बोलू द्या. मी हे विभागात खऱ्या रुग्णांशी बोलतानाच सुधारलं, आणि परीक्षा झाल्यावरही ते उपयोगी पडतंय.

सोमवारी मी पुस्तक उघडलं नाही. सकाळी हॉटेलातून परीक्षा केंद्रापर्यंत चालत जाऊन आले. केंद्र सिक्स फोर्क्स रोडवर, नॉर्थ हिल्स भागात आहे, आणि चालत जाण्याच्या अंतरावर हॉटेलं आहेत. त्यांपैकीच एक घ्या, गाडी भाड्यानं घ्यायची गरज पडत नाही. विमानतळावरून टॅक्सीनं वीसेक मिनिटं लागतात. दुपारी मैत्रिणीबरोबर एकच सोपी केस केली, फक्त आवाज मोकळा व्हावा म्हणून. रात्री साडेनऊला दिवा मालवला. झोप तुटक लागली, पण लागली.

छाती धडधडते म्हणून प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे हृदयाचे ठोके कमी करणारं औषध, घ्यावं का, हे मला तिघांनी विचारलंय. घेणारे घेतात. पण आपल्या डॉक्टरांशी बोलून, दमा वगैरे नाही ना ते बघून, आणि परीक्षेच्या बऱ्याच आधी एका सरावाच्या दिवशी घेऊन पाहून. पहिला डोस परीक्षेच्या सकाळी, असं आपण आपल्या रुग्णाला कधी सुचवलं नसतं. मी घेतलं नाही. मला लांब उच्छ्वास पुरले.

मंगळवारी ओळखपत्र दाखवून, फोन ठेवून आत गेले. केस वाचायला दहा मिनिटं मिळाली. त्यात मी सगळं लिहून काढायचा प्रयत्न केला नाही. तीन मोठे धोके लिहिले आणि प्रत्येकापुढे मी काय करीन ते एका शब्दात. मग पहिली खोली.

परीक्षकांचे चेहरे कोरे असतात, हे आधीपासून माहीत असूनही तिथे ते जाणवतंच. मान डोलवत नाहीत, “छान” म्हणत नाहीत, वाक्य अर्धं असताना पुढचा प्रश्न टाकतात. यातल्या कशाचाही तुमच्या उत्तराशी संबंध जोडू नका. त्यांना ठरलेल्या वेळात ठरलेले प्रश्न संपवायचे असतात. आपलं उत्तर पटलं म्हणूनही ते मध्येच थांबवतात. खोलीत आणखी कुणी येऊन बसलं तर ते परीक्षकांना बघायलाही आलेले असू शकतात.

पहिल्या खोलीत मी एका औषधाची मात्रा चुकीची सांगितली. दोन प्रश्न पुढे गेल्यावर लक्षात आलं. क्षणभर हात गार पडले. मग म्हणाले, “मघाची मात्रा मला दुरुस्त करायची आहे,” बरोबर आकडा सांगितला, आणि समोरच्यांनी काहीच न घडल्यासारखा पुढचा प्रश्न विचारला. चूक सुधारायची मुभा आहे. आपण थिएटरातही तेच करतो.

दोन खोल्यांमधला वेळ हा या दिवसातला सर्वांत अवघड भाग. मन मागच्या खोलीत रेंगाळतं. मी आधीच ठरवलं होतं की दारातून बाहेर पडल्यावर पाणी प्यायचं, हात धुवायचे, आणि मागची केस कागदासकट तिथेच संपली असं समजायचं. हात धुण्याचं सुचवलं मैत्रिणीनं, आणि आश्चर्य म्हणजे उपयोग झाला, कदाचित दोन रुग्णांच्या मध्ये आपण आयुष्यभर तेच करत आलो म्हणून. दुसरी खोली पहिलीपेक्षा बरी गेली. ऑस्कीची सात स्टेशनं इतक्या भराभर गेली की त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं आठवतही नाही.

त्या संध्याकाळी उत्तरं पडताळून बघू नका. मी बघितली, आणि निकाल येईपर्यंतचे आठवडे उगाचच कठीण करून घेतले. चुकलेलं तेवढंच आठवतं. ठीक गेलेल्या पन्नास गोष्टी आठवत नाहीत.

निकाल चांगला आला. पण आमच्या सरावाच्या गटातली एक जण त्याच हंगामात नापास झाली, आणि ती माझ्यापेक्षा हुशार आहे, हे मी मनापासून लिहितेय. तिची रेकॉर्डिंग आम्ही पुन्हा ऐकली. ज्ञान सगळं होतं, निर्णय मात्र तिसऱ्या मिनिटाला येत होता. पहिले काही आठवडे ती कुणाशीही बोलली नाही, आणि आम्हीही तिला फोन करायला बिचकत होतो. ते चुकलंच, लगेच करायला हवा होता. आता सप्टेंबरात तिची पुन्हा परीक्षा आहे. दर रविवारी सकाळी साडेनऊला मी तिला केस देते. परवा तिनं पहिल्याच वाक्यात निर्णय सांगितला. मी “का?” विचारलं, आणि ती डगमगली नाही.