जुने विभंग पुन्हा का सरकतात? कोयनेपासून कच्छपर्यंत

पाटण तालुक्यात वाढलेल्या माणसाला भूकंप ही फार मोठी बातमी वाटत नाही. फळीवरची भांडी किणकिणली की घरातले कोणीतरी "धक्का बसला" एवढेच म्हणते आणि हातातले काम पुढे चालू राहते. आजीच्या लेखी मात्र भूकंप एकच होता, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा. नंतरचे सगळे नुसते धक्के. कोयना धरणात पाणी अडवले म्हणून जमीन हलली, हे आमच्याकडचे सर्वमान्य स्पष्टीकरण. ते चूक नाही, पण अपुरे आहे, आणि नेमके कुठे अपुरे आहे हे उमगायला मला बरीच वर्षे लागली.

खडक तुटून त्याचा एक भाग दुसऱ्याला घासत सरकला, की त्या सरकण्याच्या पृष्ठाला भूशास्त्रात विभंग म्हणतात. शाळेच्या भूगोलात त्याला प्रस्तरभंग म्हटलेले अनेकांना आठवेल. कातळाला पडलेली प्रत्येक भेग म्हणजे विभंग नव्हे, कारण त्यासाठी दोन्ही बाजू एकमेकींच्या सापेक्ष सरकलेल्या असाव्या लागतात. असे विभंग कोट्यवधी वर्षे जागचे न हलता राहू शकतात. मधल्या काळात त्यांच्या फटींत कॅल्साइट किंवा क्वार्ट्झसारखी खनिजे साचून ते काही अंशी सांधलेही जातात, तरी अखंड खडकाची ताकद त्यांना सहसा परत मिळत नाही. अखंड खडक नव्याने फोडायचा तर त्याच्या कणाकणांतील बंध तोडावे लागतात आणि वर घर्षणावरही मात करावी लागते. जुन्या विभंगावर बहुतांशी घर्षणाचाच अडथळा उरलेला असतो, आणि घासून झालेल्या चुऱ्यात चिकणमातीची खनिजे असतील तर तोही कमी होतो. ठिगळ लावलेले धोतर शिवणीशीच उसवते, तसाच हा प्रकार आहे.

अर्थात शिवण उसवायला ओढ लागते, आणि ती योग्य दिशेने लागते. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकतो आहे आणि हिमालयापाशी त्याची वाट अडलेली आहे, त्यामुळे द्वीपकल्पाचा खडकही दाबाखाली असतो. म्हणून 'सुप्त विभंग' हा वृत्तपत्रांचा लाडका शब्द मला पटत नाही. तो वाचून असे वाटते की विभंग झोपतो आणि एके दिवशी आपणहून जागा होतो. प्रत्यक्षात विभंग होता तसाच असतो. बदलते ती त्याच्यावर पडणाऱ्या दाबाची दिशा किंवा त्याच्या फटींतल्या पाण्याचा दाब.

दिशा बदलल्याचे ठळक उदाहरण कच्छचे आहे. भारत ज्याचा भाग होता तो प्राचीन गोंडवन महाखंड फुटत असताना, डायनोसॉरांच्या काळात, तिथली जमीन ताणली गेली, तिरप्या विभंगांवरून खडकांचे ठोकळे खाली घसरले आणि तयार झालेल्या खोलगट भागात समुद्राचा गाळ साचला. पुढे भारत आशियाला भिडला आणि ताणाच्या जागी दाब आला. मग ज्या विभंगांवरून ठोकळे खाली उतरले होते, त्यांपैकी काहींवरूनच ते वर ढकलले जाऊ लागले. यात एक गंमत आहे. ताणातून झालेले विभंग बरेच उभे असतात, आणि आडव्या दाबाने उभी फट सरकण्याऐवजी अधिकच आवळली जाते; कागदावर पाहिले तर कमी उताराचा नवा विभंग पडणे सोपे ठरावे. तरीही जुनीच वाट वापरली जाते, यावरून तिचा दुबळेपणा आणि खोलवरच्या पाण्याचा हातभार या दोन्हींचा अंदाज येतो. 1819 च्या भूकंपात रणात लांबलचक उंचवटा उठला, त्यालाच अल्लाबंद म्हणतात, तर 26 जानेवारी 2001 रोजी साडेसातहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा मुख्य विभंग पृष्ठभागापर्यंत आलाच नाही.

किल्लारीची गोष्ट याहून अस्वस्थ करणारी आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जनानंतरच्या रात्री, सहाहून अधिक तीव्रतेच्या त्या भूकंपाने हजारो माणसे मारली, आणि तोपर्यंत तो भाग देशाच्या भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. कारण वरून काही दिसतच नव्हते. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाने मूळचा खडक झाकून टाकला आहे. नंतर तिथे भोक पाडून पाहिले, तेव्हा सुमारे 340 मीटर बेसॉल्टखाली, म्हणजे त्याच लाव्हाच्या काळ्या कातळाखाली, गाळाचा पातळसा थर आणि त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटसारखा खडक लागला. आपल्या काळ्या कातळाकडे पाहून महाराष्ट्र भक्कम आहे असे म्हणण्याची सवय आहे. पण हा कातळ म्हणजे जुन्या, तडकलेल्या फरशीवर अंथरलेली सतरंजी आहे, आणि फरशी कुठे तडकली आहे हे सतरंजी पाहून कळत नाही.

आता पुन्हा कोयनेकडे येतो. कोयना धरणाचा जलाशय शिवाजीसागर 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला भरू लागला आणि लवकरच लहान धक्के जाणवू लागले. 1967 चा भूकंप 6.3 तीव्रतेचा होता. शंभर मीटर पाण्याचा दाब साधारण 10 वातावरणांएवढा, म्हणजे आपल्यावरच्या हवेच्या दाबाच्या दहापट भरतो, तर 5 किलोमीटर खोलीवर नुसत्या खडकाच्या वजनाचा दाब तेराशे वातावरणांच्या आसपास जातो. एवढ्याशा भाराने अखंड डोंगर फुटणार नाही, हे उघड आहे. पण पाणी फटींतून झिरपत खाली गेले की त्याचा दाब विभंगाच्या दोन्ही बाजूंना एकमेकींपासून किंचित दूर रेटतो, त्यांना आवळून धरणारे बल घटते आणि घर्षणही घटते. सरकण्याच्या काठावर येऊन थांबलेल्या विभंगाला तेवढे पुरते. अमेरिकेत डेन्व्हरजवळ 1962 पासून खोल विहिरीत सांडपाणी दाबून सोडले जाऊ लागले, तेव्हा भूकंप नसलेल्या त्या भागात धक्के सुरू झाले, आणि 1966 मध्ये ते काम थांबवल्यानंतरही काही काळ चालू राहिले, कारण आत शिरलेला दाब हळूहळू पसरत होता.

म्हणून आमच्याकडच्या स्पष्टीकरणात मी एवढीच दुरुस्ती करतो, की भूकंपाची ऊर्जा धरणाने दिली नाही. ती भूपट्टाच्या दाबाने आधीच साठलेली होती आणि पाण्याने फक्त तिची वेळ अलीकडे आणली. हा फरक शाब्दिक नाही. केवळ पाण्याच्या वजनाने भूकंप होत असते, तर प्रत्येक मोठ्या धरणाशी ते व्हायला हवे होते. ते होत नाहीत, कारण पाण्याखाली योग्य दिशेचा, दाबाने भारलेला जुना विभंग सगळीकडे नसतो. कोयना-वारणा परिसरात मात्र तो आहे, आणि साधारण 30 किलोमीटर लांब व 20 किलोमीटर रुंद एवढ्याच पट्ट्यात साठहून अधिक वर्षे धक्के बसत आहेत.

याच छोट्या पट्ट्यामुळे तिथे विभंगाच्या जवळ जाऊन पाहण्याचा प्रयत्न करता आला. कराडला त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठणे येथे सुमारे 3 किलोमीटर खोल भोक पाडले गेले. त्या परिसरातील भोकांतून वर आलेल्या खडकाच्या नळकांड्यांत किल्लारीसारखा मधला गाळाचा थर नाही. बेसॉल्ट संपतो तिथे लगेच ग्रॅनाइट सुरू होतो.