पाहुण्यांनाच शिजवायला लावायचं: आमच्या बर्नमधल्या चीज पार्ट्या

इथे स्वित्झर्लंडला आल्यावर पहिल्या वर्षी दहाबारा जणांना जेवायला बोलवलं की मी आदल्या दिवशी संध्याकाळपासून ओट्याशी. छोले भिजत घाल, वड्यांचं सारण कर, श्रीखंडासाठी क्वार्क टांगून ठेव (चक्क्याऐवजी क्वार्क झक्कास चालतं, इथे येणाऱ्यांनी लक्षात ठेवा), आणि प्रत्यक्ष शनिवारी सगळे हॉलमध्ये हसतायत, खिदळतायत आणि मी आत पुऱ्या तळतेय. कोण काय बोललं ते मला रात्री भांडी घासताना नवऱ्याकडून कळायचं.

मग एकदा वरच्या मजल्यावरच्या आजींनी आम्हाला बोलावलं. आमच्या बिल्डिंगमध्ये कपडे धुवायचं मशीन तळघरात, सगळ्यांना मिळून एक आणि ज्याचे त्याचे वार ठरलेले, त्यामुळे शेजाऱ्यांशी जी काय ओळख होते ती तिथेच. आजी म्हणाल्या शनिवारी या, राक्लेट करू. गेलो तर टेबलावर एक इलेक्ट्रिक मशीन, फडक्यात गुंडाळलेले सालासकट उकडलेले छोटे बटाटे, एका वाटीत व्हिनेगरमधल्या काकड्या, दुसऱ्या वाटीत तसलेच बारके कांदे, आणि एका ताटलीत चीजचे चौकोनी काप. बस. मला वाटलं हे स्टार्टर असेल. नवरा मराठीत हळूच विचारतोय, मेन कोर्स कधी गं येणार? हाच मेन कोर्स होता!

राक्लेट म्हणजे मूळचं वालिस भागातलं, दक्षिणेकडच्या डोंगरातलं. पूर्वी चीजचं अर्धं चाक विस्तवासमोर धरायचे आणि वितळलेला थर बटाट्यावर खरवडून घ्यायचे, खरवडणे म्हणजे फ्रेंचमध्ये राक्ले, त्यावरून नाव. आता घरोघरी ते मशीन असतं. वर गरम कॉईल, खाली प्रत्येकाची आपापली छोटी तवली, त्यात चीजचा काप ठेवायचा, आत सरकवायचा, बुडबुडे येऊन कडा तांबूस झाल्या की बटाटा फोडून त्यावर ओतायचं, मिरपूड घालायची, खायचं आणि पुढचा काप लावायचा. दोन-अडीच तास हेच चालू. आणि आजी त्या अख्ख्या संध्याकाळी एकदाच उठल्या, चहाचं पाणी ठेवायला. मी बघतच बसले, यजमान बाई चक्क आमच्याबरोबर बसून जेवतायत.

आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "अगं म्हणजे त्यांनी तुम्हाला बोलावलं आणि शिजवायला पण तुम्हालाच लावलं?" हो आई. आणि पुढच्या महिन्यात मी पण तेच करणार आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "निदान एक भाजी तरी करून ठेव, लोक काय म्हणतील."

लोक काही म्हणाले नाहीत. म्हणजे म्हणाले, पण ते फ्यूज उडाल्यावर. त्याचं झालं असं की बाराजण येणार म्हणून मी दोन मशीन जमवली, एक आमचं आणि एक आजींचं, आणि दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डाला लावली. एकेक मशीन बाराशे वॅटचं, त्यात कोणीतरी त्याच बोर्डावर चहाची किटली लावली आणि खट्! हॉलमध्ये अंधार, चीज अर्धं वितळलेलं, पोरं आनंदाने किंचाळतायत. मेणबत्त्या लावून फ्यूज शोधला. तेव्हापासून एक मशीन हॉलच्या प्लगला आणि दुसरं स्वयंपाकघरातून वायर ओढून, आणि किटली गॅलरीत बंदोबस्तात.

हिशोब सांगते. इथले लोक माणशी 200 ग्रॅम चीज धरतात, पण आपल्या लोकांना दीडशे पुरतं, कारण आपण बटाटे जास्त खातो. बटाटे चिकट जातीचे घ्यायचे, पिठूळ घेतले की कुकरमध्ये भुगा होतो. हॉटेलात फाँड्यू (वाइनमध्ये वितळवलेलं चीज, त्यात पावाचे तुकडे बुडवून खायचे) खायचं तर माणशी पंचवीस-तीस फ्रँक सहज जातात, घरी त्याच पैशात चौघं जेवतात. मटण-चिकन इथे इतकं महाग आहे की चीज हेच स्वस्तातलं जेवण वाटायला लागतं. शिवाय तारीख जवळ आलेल्या पाकिटांवर दुकानात सवलतीचं स्टिकर लागतं तेव्हा चारपाच पाकिटं उचलून सरळ फ्रीजरमध्ये टाकायची, कारण नाहीतरी वितळवायचंच आहे. रविवारी दुकानं बंद असतात त्यामुळे हा साठा कितीदा कामाला आलाय विचारू नका. आमच्याकडे काकड्या-कांद्यांच्या शेजारी लिंबाचं लोणचं आणि ठेचा पण असतो. आजींनी एकदा ठेचा तवलीत चीजखाली पसरून बघितला, डोळ्यांतून पाणी, आणि मग दुसरी तवली लावली तशीच.

एक तोटा आहे, वास. मला इतकी वर्षं फोडणीच्या वासाचं टेन्शन, शेजारी काय म्हणतील म्हणून खिडक्या बंद करून मोहरी तडतडवणारी मी, आणि राक्लेटनंतर तीन दिवस जिन्यात ओल्या मोज्यांसारखा वास येतो त्याला मात्र सगळे नाकाने खोल श्वास घेऊन वा म्हणतात. असो.

फाँड्यूची गोष्ट वेगळी, ते जरा नखरेल प्रकरण. चौघांना 800 ग्रॅम चीज, बर्न-फ्रीबुर्गकडे अर्धं ग्रुयेर आणि अर्धं वाशरां, साधारण साडेतीन डेसी पांढरी वाइन (म्हणजे साडेतीनशे मिली, इथे सगळं डेसीलिटरमध्ये), लसणाची पाकळी भांड्याला आतून चोळायची, आणि तीनेक चमचे कॉर्नफ्लॉवर. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मुलांसाठी म्हणून वाइनऐवजी नुसतं पाणी घातलं आणि कॉर्नफ्लॉवर कशाला म्हणून गाळला. पाच मिनिटांत खाली रबराचा गोळा आणि वर तेलाचं तळं. पाहुणे सोफ्यावर बसलेले. मी धावत आजींकडे गेले, त्या खाली आल्या, अर्ध्या लिंबाच्या रसात दोन चमचे कॉर्नफ्लॉवर कालवून ओतलं, गॅस वाढवला आणि लाकडी चमच्याने इंग्रजी आठच्या आकड्यासारखं ढवळत राहिल्या. जमलं परत! कारण असं की चीजमधलं प्रोटीन कॅल्शियमने घट्ट बांधलेलं असतं, वाइनमधलं किंवा लिंबातलं आम्ल तो कॅल्शियम धरून ठेवतं आणि मग ते सैल होऊन एकजीव वितळतं, आणि कॉर्नफ्लॉवरमधला स्टार्च चीजमधल्या तुपाला वेगळं होऊ देत नाही. पाण्यात यातलं काहीच नाही. वाइन नको असेल तर भाज्यांचं पाणी आणि भरपूर लिंबू, आम्ही मुलं असली की तेच करतो.

आणि गंमत म्हणजे आपण लहानपणापासून जे क्यूबवालं चीज खातो ना, त्यात पण हीच युक्ती असते. 1911 साली इथून ट्रेनने वीस मिनिटांवर असलेल्या थुनमध्ये गेर्बर आणि श्टेटलर या दोघांनी चीजमध्ये सायट्रेटचे क्षार घालून ते वितळवलं आणि परत साच्यात घातलं, तेच प्रोसेस्ड चीज. म्हणजे भारतात वाढलेली मी चीज म्हणून जे ओळखत होते त्याचं आजोळ माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. आणि फाँड्यू घरोघरी पोचलं ते पण काही फार पुरातन काळी नाही, 1930 नंतर, चीज खपावं म्हणून इथल्या चीज युनियनने जाहिरातींचा धडाका लावला तेव्हा.

फाँड्यूवर गार पाणी प्यायचं नाही, चहा किंवा वाइनच, नाहीतर पोटात चीजचा गोळा होतो म्हणतात. कलिंगडावर पाणी पिऊ नकोस म्हणणाऱ्या आज्या सगळीकडेच आहेत. भांड्याच्या तळाशी जी कुरकुरीत खरवड उरते तिच्यासाठी आमच्याकडे दरवेळी भांडण होतं, अगदी बासुंदीच्या पातेल्यासारखं.

शाकाहारी मंडळी येणार असतील तर आधी सांगून टाकते, अस्सल ग्रुयेर आणि एमेंटाल वासराच्या पोटातल्या रेनेटनेच (दूध घट्ट करणाऱ्या पाचकरसाने) बनवतात, तसा नियमच आहे. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी पिवळ्यावर हिरवा व्ही, म्हणजे शाकाहारी खूण, असलेलं पाकीट आणायचं आणि त्यांची तवली वेगळी ठेवायची. विचारायला लाजू नका, लपवून खायला घालणं हे जास्त वाईट.

आठवड्यातल्या दिवशी मात्र हे मशीन वगैरे काही नाही, तेव्हा एल्प्लरमाग्रोने. गुराख्यांचं जेवण, एका पातेल्यात. बटाट्याच्या फोडी आणि मॅकरोनी एकाच पाण्यात उकडायच्या, पाणी काढून दोन डेसी क्रीम आणि दीडशे ग्रॅम किसलेलं चीज, वर खमंग तळलेला कांदा. आणि बाजूला सफरचंदाचा गोड मुरांबा म्हणा किंवा पल्प. मॅकरोनीबरोबर गोड सफरचंद हे ऐकून मी तोंड वाकडं केलं होतं, पण माझी लेक आता त्याशिवाय खातच नाही, शिकरण-पोळी खाणाऱ्यांनी कुणाला नावं ठेवू नयेत.

हे मात्र तिकडे घरी पण सहज होईल म्हणून आईला कृती पाठवली. प्रोसेस्ड चीज किसून घाल, क्रीमऐवजी साय आणि दूध, मीठ बेताने कारण चीज खारट असतं. काल तिचा फोटो आला. खाली "मस्त झालंय, तुझ्या बाबांनी दोनदा घेतलं" असं लिहिलंय आणि फोटोत मॅकरोनीवर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, कोथिंबीर आणि ओलं खोबरं.