गुलाबी रंग आणि खोडलेला शब्द

आज न्यायसहायक रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आम्हाला कापडावरचा एक तपकिरी डाग तपासायला दिला होता. तो कापसाच्या बोळ्यावर टिपून घेतला, त्यावर आधी फिनॉल्फ्थॅलिनचे रंगहीन केलेले द्रावण आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला, तेव्हा काही सेकंदांतच बोळा गुलाबी झाला आणि मी वहीत घाईने ‘रक्त’ असे लिहून मोकळा झालो. शिक्षकांनी तो शब्द शांतपणे खोडला. रक्तातील हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग, या अभिक्रियेला गती देते हे खरे. परंतु बटाटा, मुळा यांसारख्या वनस्पतींतील पेरॉक्सिडेज हे विकरही तेच करू शकते, त्यामुळे ही चाचणी केवळ शक्यता सांगते, आणि रक्त असलेच तर ते माणसाचे की प्राण्याचे, हे पुढच्या चाचण्यांनी ठरवायचे असते.

माझी नोंद न्यायालयात गेली असती तर, या विचाराने मात्र अस्वस्थ झालो. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ जेम्स मार्श यांचा पुरावाही न्यायालयात असाच टिकला नव्हता: १८३२ च्या एका विषप्रयोगाच्या खटल्यात त्यांनी वेगळे केलेले आर्सेनिकचे संयुग ज्यूरीसमोर येईपर्यंत खराब झाले, आरोपी सुटला, आणि त्या सलातूनच १८३६ मध्ये त्यांची आर्सेनिक ओळखणारी अधिक संवेदनशील चाचणी प्रसिद्ध झाली.

उद्या त्याच डागाची पुढची तपासणी आहे. वहीत या वेळी नमुना क्रमांक, वेळ आणि दिसलेला रंग, एवढेच लिहिणार आहे.